पाठांतर ही आपली परंपरा नव्हे : नर्सिंगच्या पोरापोरींसाठी आणि त्यांना पीडीएफ पाठवणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी

स्टाफ नर्स भरतीची जाहिरात निघाली की आपल्या ग्रुपवर दोन दिवसांत ठरलेले मेसेज सुरू होतात. "मागच्या वर्षीचे पेपर कुणाकडे आहेत का?" "दहा हजार प्रश्नांची पीडीएफ हवी, अर्जंट." "फक्त उत्तरं असलेली चालेल." मग आपलाच एखादा कार्यकर्ता, अत्यंत चांगल्या मनाचा, कुठून तरी ती पीडीएफ मिळवतो, शंभर पोरांना पाठवतो आणि खाली लिहितो : समाजासाठी एवढे तरी करू या. जय भीम.

मला त्या "फक्त उत्तरं" या दोन शब्दांवर भांडायचे आहे. भांडण त्या पोरींशी नाही. हॉस्टेलची फी, घरचे कर्ज आणि वयोमर्यादा डोक्यावर घेऊन त्या अभ्यास करतात, हे मला माहीत आहे. भांडण आपल्याशी आहे, म्हणजे स्वतःला चळवळीचे म्हणवणाऱ्यांशी. ‘शिका’ या शब्दाचा अर्थ आपण हळूहळू ‘पास व्हा’ असा करून टाकला आणि कुणाला काही खटकलेही नाही.

मी सरकारी रुग्णालयात अधिपरिचारक आहे. वॉर्डात मला सगळे ब्रदर म्हणतात. दर रविवारी सकाळी आमच्या वस्तीतल्या विहारात जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंगची दहा-पंधरा पोरेपोरी बसतात, त्यांच्याबरोबर मी बसतो. मागच्या महिन्यात एक प्रश्न फळ्यावर लिहिला. तो इथे देतो, कारण सगळा वाद त्यातच आहे.

बावीस वर्षांची पहिलटकरीण, गरोदरपणात बीपी वाढून झटके आलेले. मॅग्नेशियम सल्फेट चालू आहे. तुम्ही ड्यूटीवर येता. श्वास मिनिटाला १०. गुडघ्यावर हॅमर मारला तर पाय हलत नाही. युरोबॅगेत चार तासांत ६० मिली लघवी. सर्वांत आधी काय कराल? (अ) डॉक्टरांना कळवाल (ब) कॅल्शियम ग्लुकोनेट द्याल (क) मॅग्नेशियम बंद कराल (ड) अर्ध्या तासाने पुन्हा तपासाल.

तेरापैकी अकरा जणांनी ‘ब’ लिहिले. कारण पीडीएफमध्ये एक ओळ आहे : मॅग्नेशियम सल्फेटचा उतारा कॅल्शियम ग्लुकोनेट. ओळ खरी आहे. पण प्रश्न उताऱ्याचा नव्हताच, प्रश्न ‘सर्वांत आधी’चा होता. ज्या नळीतून विष आत जाते आहे ती चालू ठेवून उतारा भरत बसणार का? आधी मॅग्नेशियम बंद. मग ऑक्सिजन, श्वासाला आधार, डॉक्टरांना हाक, आणि कॅल्शियम ग्लुकोनेट १ ग्रॅम, म्हणजे १० टक्क्यांचे १० मिली, शिरेतून हळूहळू. हे सगळे काही मिनिटांतच घडते, पण पहिला हात कुठे जातो याला अर्थ आहे. उत्तर ‘क’.

मग मी विचारले, लघवी का मोजतो आपण? शांतता. एकीने सांगितले, "सर, तासाला ३० मिलीपेक्षा कमी नको असं आहे." कुठे आहे? "पुस्तकात आहे." का आहे? पुन्हा शांतता.

मॅग्नेशियम शरीरातून बाहेर पडते ते मूत्रपिंडातून. लघवी कमी म्हणजे बाहेर जायची वाट आखडली. आपण मात्र आत टाकतच आहोत. रक्तात ते साचत जाते, आणि साचलेले मॅग्नेशियम मज्जातंतूंकडून स्नायूंकडे जाणारा हुकूम अडवते. म्हणून आधी गुडघ्याचा झटका जातो. त्यानंतर श्वास मंदावतो, कारण श्वास घेणे हेही शेवटी स्नायूंचेच काम. शेवटी हृदय. गुडघा ही धोक्याची पहिली घंटा आहे, ती श्वासाच्या आधी वाजते, म्हणून पुढचा प्रत्येक डोस देण्याआधी ती वाजवून बघायची. आणि उतारा कॅल्शियमच का? कारण स्नायूला हुकूम पोचवायला जे कॅल्शियम लागते त्याचीच वाट मॅग्नेशियमने अडवलेली असते.

आता गंमत बघा. एका पुस्तकात श्वासाची मर्यादा १६ दिली आहे, दुसऱ्यात १२. पाठ करणारी पोर इथे भांबावते, ग्रुपवर विचारते "सर, नक्की कोणतं धरायचं?" आणि त्यावर दीडशे मेसेज पडतात. जिला कारण कळले आहे ती म्हणते, गुडघा गेलाय, लघवी कमी आहे, श्वास उतरतोय, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवताहेत. मी बाटली बंद करणार, आकड्याचा वाद नंतर.

एवढे कारण एकदा डोक्यात बसले की ते मॅग्नेशियमपुरते राहत नाही. पोटॅशियमचा प्रश्न आला, सलाइनमध्ये पोटॅशियम क्लोराईड घालायचे आहे, आधी काय बघाल? लघवी होते आहे का. तेच कारण, तीच बंद वाट. आणि पोटॅशियम सरळ शिरेत ढकलायचे नाही, कधीच नाही, कारण रक्तात ते ३.५ ते ५ एवढ्या चिंचोळ्या पट्टीत राहते आणि एकदम वाढले तर हृदय थांबते. म्हाताऱ्या माणसाची मूत्रपिंडे थकली आहेत आणि तो मधुमेहाची गोळी खातो आहे, तर काय होईल? गोळी शरीरात रेंगाळेल, साखर पुन्हा पुन्हा खाली जाईल. पीडीएफमध्ये हे तीन वेगळ्या पानांवरचे तीन वेगळे प्रश्न आहेत. डोक्यात ती एकच गोष्ट आहे. दहा हजार प्रश्न पाठ करणारी पोर दहा हजार एकाव्या प्रश्नावर अडते.

आणि तो दहा हजार एकावा प्रश्नच आता परीक्षेत येतो. एम्सची नॉरसेट बघा, दोन टप्पे आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा. आपल्यातले जे म्हणतात "येत नसेल तर एक ठोकून द्यायचं", त्यांनी साधे गणित करावे. चार पर्यायांत डोळे मिटून ठोकले तर चारांत एकदा एक गुण मिळतो आणि तीनदा एक तृतीयांश जातो. बेरीज शून्य. रात्रभर जागून शून्य. पण विचार करून एक जरी पर्याय बाद केला तर उरलेल्या तिनांत ठोकणेही फायद्याचे होते, आणि दोन बाद केले तर बरेच जास्त. पर्याय बाद करता येणे म्हणजेच तर्क. बाहेर जायचे असेल तर पाहा : अमेरिकेची एनक्लेक्स परीक्षा एप्रिल २०२३ पासून बदलली. आता ती एक आख्खा रुग्ण समोर ठेवते, त्याचे केसपेपर, त्याच्या नोंदी, त्याचे रिपोर्ट, आणि टप्प्याटप्प्याने विचारते : काय खटकले? त्याचा अर्थ काय लावता? आधी कशाला हात घालाल? केल्यावर फरक पडला का, हे कशावरून ओळखाल? अशा प्रश्नांची ‘फक्त उत्तरं’ कुठल्याच पीडीएफमध्ये मावत नाहीत.

पण परीक्षा बदलली म्हणून शिकायची पद्धत बदला, एवढेच माझे म्हणणे असते तर मी हे लिहिले नसते. क्लासवालेही तेच सांगतात आणि त्याची वेगळी फी घेतात.

माझे म्हणणे हे आहे की न समजता पाठ करणे ही आपल्यावर लादलेली सवय आहे. या देशात एका वर्गाने हजारो वर्षे अर्थ न विचारता मंत्र घोकले आणि त्यालाच विद्वत्ता म्हटले. दुसऱ्या मोठ्या वर्गाला सांगितले, तुम्ही विचारूही नका आणि घोकूही नका, तुम्ही फक्त हात चालवा. बाबासाहेबांनी ‘जातिव्यवस्थेचे निर्मूलन’मध्ये १९३६ साली नेमके यावर बोट ठेवले. जात ही नुसती कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्या माणसांचीच ती वाटणी आहे, एकावर एक अशा पायऱ्यांची. आणि त्या पायऱ्यांत सर्वांत पक्की भिंत कोणती, तर डोके आणि हात यांच्यामधली.

ही भिंत बघायची असेल तर कुठल्याही वॉर्डात जा. स्पर्श, थुंकी, विष्ठा, रक्त, बाळंतपणाचा घाण कपडा. याच कारणाने या देशातल्या ‘चांगल्या घरां’नी कित्येक दशके आपल्या मुली नर्सिंगला पाठवल्या नाहीत. सुईणीचे काम पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या घरात होते, तिला नाळ कापायला आत घेत आणि ओसरीवर बसू देत नसत, हे तुम्हाला मी सांगायला नको. आज मुली जातात, सगळ्या जातींच्या जातात, पगार आहे म्हणून जातात. पण भिंत तशीच आहे. "सिस्टर, तुम्ही विचार करू नका, ऑर्डर लिहिलीय ती द्या." हे वाक्य मी माझ्या नोकरीत इतक्यांदा ऐकले आहे की आता कोण म्हणाले तेही आठवत नाही. आणि खासगी कॉलेजांतून हेच आधीपासून घडवले जाते. स्वतःचे धड रुग्णालय नसलेली कॉलेजे मी पाहिली आहेत. प्रसूतीची केस बुक सीनियरच्या वहीवरून जशीच्या तशी उतरवलेली, वजन तेच, वेळ तीच, फक्त आईचे नाव बदललेले. अशा मुलीला शेवटच्या वर्षी पीडीएफ दिली तर तिची काय चूक? तिने बाळ जन्मताना पाहिलेलेच नाही, तिच्याकडे उत्तराचे अक्षर सोडून दुसरे आहे काय?

आता आपल्या परंपरेकडे या. आपल्याकडे बुद्धाने आजारी भिक्खूला आनंदाच्या मदतीने स्वतःच्या हातांनी धुतल्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, जयंतीच्या भाषणात ती हमखास येते. तो भिक्खू पोटाच्या विकाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता आणि कुणी त्याच्याकडे बघत नव्हते. पण त्याच ठिकाणी, विनयपिटकाच्या महावग्गात, पुढे शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. ते भाषणात येत नाहीत. मी माझ्या शब्दांत सांगतो. पहिला, औषध तयार करता येणे. दुसरा, रोग्याला काय मानवेल आणि काय मानवणार नाही हे ओळखणे. मानवेल ते जवळ आणणे, मानवणार नाही ते दूर करणे. तिसरा, मिळकतीच्या लोभाने नव्हे तर मैत्रीच्या भावनेने सेवा करणे. चौथा, मल, मूत्र, थुंकी, वांती काढताना किळस न करणे. पाचवा, वेळोवेळी धम्माच्या बोलण्याने रोग्याला उभारी देणे.

क्रम नीट बघा. आधी ज्ञान, मग ओळखण्याची शक्ती, मग मैत्री. किळस न करणे चौथ्या जागी. अडीच हजार वर्षांपूर्वी ज्याने नर्सची व्याख्या केली त्याने डोके आधी ठेवले. आपल्या समाजाने पाचांतला चौथा गुण तेवढा वेगळा काढला, तो खालच्या पायरीच्या हातात दिला आणि पहिले दोन वरच्यांनी स्वतःकडे ठेवले. ‘मानवेल काय आणि मानवणार नाही काय’ हे ओळखणे म्हणजे आज इंग्रजी पुस्तके ज्याला क्लिनिकल रीझनिंग म्हणतात तेच. मॅग्नेशियमची बाटली बंद करणारा हात दुसऱ्या गुणाचा आहे.

कुणीतरी लगेच म्हणेल की भिक्खूंनीही त्रिपिटक पाठच केले होते. केले होते, छपाई नव्हती तेव्हा. पण कालामांना बुद्धाने काय समजावले? परंपरेने आले, ग्रंथात आहे, गुरू सांगतो, एवढ्यावरून मानू नका, तपासून बघा. "पुस्तकात आहे सर" हे उत्तर आपल्या विहारात बसून देणारी पोर, तिला दोष न देता म्हणतो, बुद्धाच्या मूर्तीसमोर बसून बुद्धाच्या विरुद्ध बोलत होती. आणि तिला तसे शिकवणारे आपण आहोत.

आता मेरिटवाल्यांकडे वळतो, कारण त्यांना सोडून पुढे जाता येत नाही. दर भरतीच्या निकालानंतर कुणीतरी लिहितेच : आरक्षणातून आलेल्या नर्सच्या हातून इंजेक्शन घ्याल का? उत्तर आपण देतो, की आरक्षण प्रवेशाला आहे, नेमणुकीला आहे. शेवटच्या वर्षाची परीक्षा, पास होण्याचे गुण आणि कौन्सिलची नोंदणी सगळ्यांना सारखी. बरोबर उत्तर आहे. पण मला ते कमी वाटते. मी त्यांना एक रात्र सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट, मी नवा होतो. रात्री साडेअकराच्या सुमारास एका कंत्राटी सफाई कामगाराला दोन माणसे उचलून कॅज्युअल्टीत घेऊन आली. अंग घामाने थबथबलेले, बरळत होता, हात झटकत होता, तोंडाला दारूचा वास. ड्यूटीवरच्या डॉक्टरने, तो गुणवत्ता यादीतला होता हे पुढे अनेकदा ऐकायला मिळाले, लांबूनच पाहिले आणि म्हणाला, "पिऊन आलाय. कोपऱ्यात टाका, सकाळी उतरेल." केसपेपरवर तसेच लिहिले. आमच्या एक ज्येष्ठ सिस्टर होत्या, त्या काही बोलल्या नाहीत. ग्लुकोमीटर घेतला, बोट टोचले. साखर ३८.

मला त्या म्हणाल्या, "अरे ब्रदर, दारूच्या वासाला घाम येतो का? आणि प्यायला असेल तर साखर आणखीच बघायला हवी." त्यांचे दोन्ही प्रश्न मी नंतर पुस्तकात शोधले. साखर पडली की शरीर ॲड्रेनॅलीन सोडते, त्याचा तो घाम, ती थरथर, ती धडधड. मेंदूला साखर मिळेना म्हणून बरळणे. आणि दारू स्वतःच यकृताला नवी साखर बनवू देत नाही, म्हणजे उपाशीपोटी प्यायलेल्या माणसाची साखर पडण्याचा धोका वाढतो. वास हा निदानाचा शेवट नव्हता, संशयाची सुरुवात होती. धड शुद्ध नसल्याने तोंडात साखर घालायची नाही, श्वासनलिकेत जाईल. शिरेतून डेक्स्ट्रोज गेले आणि पाच-दहा मिनिटांत माणूस उठून बसला आणि बायकोचे नाव घेऊन विचारू लागला की ती कुठे आहे. मधुमेहाची जुनी गोळी सकाळी घेतली होती, दिवसभर गटारावर होता, जेवलाच नव्हता. संध्याकाळी घोटभर घेतली, ते काम दारूशिवाय होत नाही हे ते काम करणाऱ्याला विचारा. सिस्टरांनी त्याला घरीही जाऊ दिले नाही. ती गोळी शरीरात बराच वेळ राहते, साखर पुन्हा पडेल म्हणून तासातासाला बोट टोचत राहिल्या. पहाटे तीनला पुन्हा पडली, ५२.

त्या सिस्टर कुठल्या कोट्यातून आल्या होत्या, हे मी त्यांना कधी विचारले नाही. यादीत नाव असलेल्या माणसाने त्या रुग्णाचे कपडे, काम आणि वास बघून निदान केले होते. जातीने दिलेले निदान होते ते. त्याने ‘दारुडा’ पाठ केलेला होता आणि तेच उत्तर भरले. सिस्टरांनी घाम पाहिला आणि का म्हणून विचारले. मेरिट मोजायचे तर त्या रात्री मोजायचे होते.

म्हणून मी म्हणतो, आपल्या पोरांनी तर्क शिकणे हे आपल्याच माणसांच्या जिवासाठी आहे. सिकलसेल घ्या. विदर्भात, सातपुड्यात, गडचिरोलीत हा आजार कुणाच्या घरात आहे? पूर्वाश्रमीच्या महार समाजात आहे, गोंड, परधान, भिल्ल, पावरा यांच्यात आहे. इतरांतही आहे, पण आपल्या वस्त्यांत तो ओळखीचा आहे. रक्ताच्या शुद्ध-अशुद्धतेशी त्याचा काही संबंध नाही. जिथे हिवताप माजलेला होता तिथे हा गुण एकाच बाजूने आलेल्या माणसाला हिवतापापासून थोडे संरक्षण देत होता, म्हणून तो टिकला. दोन्ही बाजूंनी आला की आजार. आई-वडील दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता. सरकारने १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले, २०४७ ची मुदत ठेवली आहे. ठीक. पण वॉर्डात काय होते?

पोरगा हाडे दुखतात म्हणून रडत येतो. अंगाला सूज नाही, जखम नाही. "नाटकं करतोय, इंजेक्शनची सवय लागलीय." हे मी सफेद कपड्यातल्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे, आणि सांगायला लाज वाटते, आपल्या माणसांच्या तोंडूनही. दुखणे कशाने आहे? ऑक्सिजन कमी पडला की त्याच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, ताठ होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. ते दुखणे हृदयाच्या झटक्याच्या जातीचे आहे, फक्त हाडात आहे. हे चित्र डोळ्यांसमोर असेल तर एकही उत्तर पाठ करावे लागत नाही. पाणी भरपूर का? रक्त पातळ वाहते राहावे म्हणून. बर्फ का नाही, शेक का? थंडीने वाहिन्या आणखी आखडतात. नुसता ताप आला तरी धावपळ का? त्याची प्लीहा अडकलेल्या पेशींनी लहानपणीच निकामी केलेली असते, काही जंतूंशी लढणारा पहारेकरीच गेलेला असतो. इतरांचा साधा ताप त्याला काही तासांत मारू शकतो. छातीत दुखते आणि दम लागतो म्हणाला तर तो कण्हणारा पेशंट उरत नाही, रांगेत पहिला होतो.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या रंगाची आहे. ऑक्सिजन कमी झाला की त्वचा निळी पडते असे पुस्तक सांगते. कुणाची त्वचा? ते वाक्य गोऱ्या कातडीकडे बघून लिहिलेले आहे. काळ्या-सावळ्या माणसाच्या हातावर निळेपणा शोधत बसाल तर उशीर होईल. ओठ आतून बघा, जीभ बघा, डोळ्याची खालची पापणी ओढून बघा. रक्त कमी आहे का हेही पापणीत, तळहातात. ऑक्सिमीटर तरी निःपक्ष असेल असे आपल्याला वाटते. २०२० मध्ये अमेरिकेत मिशिगनच्या डॉक्टरांनी तपासले. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तात प्रत्यक्षात ८८ च्या खाली असलेले गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के निघाले, कृष्णवर्णीयांत ११.७. यंत्राला जात नसते, पण ते कुणाच्या बोटावर बेतले यात वंश असतो. आकडा चांगला आणि पेशंट वाईट दिसतो, तेव्हा कुणावर विश्वास ठेवायचा? हा परीक्षेतला प्रश्न आहे आणि आपल्या आजीच्या खाटेजवळचाही.

आता एक आक्षेप, जो माझ्या जवळच्या मित्राने तोंडावर केला. "दादा, तुझं बरोबर आहे. पण पोरीला आधी नोकरी लागू दे. पोटात अन्न नसेल तर तर्क काय कामाचा? पीडीएफनं चार पोरी लागल्या तर लागू दे ना." याला मी सहज उडवून लावत नाही. पाठ करण्यासारखेही पुष्कळ आहे. पोटॅशियमची पट्टी पाठच करावी लागते, लसीकरणाचे वेळापत्रक पाठच करावे लागते, औषधाच्या मात्रेचे गणित हाताखालून शंभरदा गेल्याशिवाय येत नाही. मी पाठांतर बंद करा म्हणत नाही. मी म्हणतो, आकडा पाठ करा आणि त्याच्यामागचे कारण विचारल्याशिवाय पान उलटू नका. यात वेळ जास्त जातो हे खोटे आहे. पहिले दोन महिने जास्त जातो, नंतर कमी. ज्या मुली माझ्यासमोर बसून नोकरीला लागल्या, त्यांच्यातल्या कुणीही दहा हजार प्रश्न संपवले नव्हते. काही लागल्या नाहीत, तेही सांगतो. त्यातल्या एकीचे इंग्रजी कच्चे होते, आणि तो दोष तिच्या शाळेचा होता.

आणि चळवळीला साधा प्रश्न. एका जयंतीच्या डीजेच्या पैशात किती बीपी मशीन येतात? मी डीजेच्या विरोधातला माणूस नाही, १४ एप्रिलला मीही नाचतो. पण आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत एक जुने बीपी मशीन, एक ग्लुकोमीटर, गुडघ्यावर मारायचा एक हॅमर आणि एक फाटकी बाहुली आहे, जिला बाळ म्हणून आम्ही वापरतो. एवढ्यावर दोन वर्षे चालले आहे. तालुक्याच्या ठिकाणी नोकरी करणाऱ्या आपल्या किती सिस्टर, किती ब्रदर, किती पाठ्यनिर्देशिका आहेत? महिन्यातून एक रविवार. पीडीएफ फॉरवर्ड करायला एक बोट लागते. इथे पूर्ण माणूस लागतो, म्हणून तो येत नाही. वॉर्डात पाहिलेला एक रुग्ण, नाव-गाव काढून, फळ्यावर लिहायचा, आणि पोरांना उत्तर सांगायचे नाही. ते भांडतील. भांडू द्या.

पुढच्या रविवारसाठी आम्ही फळ्यावर लिहून ठेवलेला हा घ्या. रात्रीच्या ड्यूटीचा हँडओव्हर झाला. चार रुग्ण. पहिल्याची साखर २५०, इन्शुलिनची वेळ झाली आहे. दुसरी दोन तासांपूर्वी बाळंत झालेली, नाडी १२४, बीपी १००/७०, "जरा गरगरतंय सिस्टर, पण ठीक आहे" म्हणते आणि उशीला टेकून बसली आहे. तिसरा कालच ऑपरेशन झालेला, दुखते म्हणून सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला आहे, नातेवाईक तुमच्या नावाने ओरडताहेत. चौथे दम्याचे जुने आजोबा, फुप्फुसे कायमची खराब, ऑक्सिजन ९०, आणि ते वर्तमानपत्र वाचताहेत. आधी कुणाकडे जाल, आणि गेल्यावर पहिला हात कुठे ठेवाल? येताना उत्तराचे अक्षर आणू नका, कारण आणा.

जय भीम.